प्रबंध आणि हस्तलिखित

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा आटोपली की प्रबंधाची बांधीव प्रत प्रकाशकाकडे रवाना करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. ‘परीक्षकांनी प्रकाशनाची शिफारस केली आहे’, एवढेच सोबतच्या पत्रात असते. प्रत परत येते किंवा येतही नाही. आणि मग समीक्षेला मराठीत प्रकाशक उरला नाही, अशी तक्रार सुरू होते. तक्रारीत तथ्य नाही असे नाही. तथापि प्रकाशकाकडे जे गेले ते हस्तलिखित होते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. आपण पुरेसे वाचले आहे, हे त्यात सिद्ध करावयाचे असते. म्हणून पहिले प्रकरण ‘कादंबरी : संकल्पना व स्वरूप’, दुसरे ‘मराठी कादंबरीची वाटचाल’, आणि अभ्यासकाचे स्वतःचे म्हणणे एकदाचे चौथ्या प्रकरणात अवतरते. ग्रंथाचा वाचक तिथवर थांबत नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीनंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर सर्वांस खुले होऊ लागले, तेच छापून प्रकाशकाने नवे काय द्यावे?

फेरलेखनाचा आरंभ त्या चौथ्या प्रकरणापासूनच करावा, असे मला वाटते. पहिल्या दोन प्रकरणांतले ज्यावाचून युक्तिवाद अडतो तेवढेच परत घ्यावे. प्रत्येक प्रकरणाअखेरचे ‘निष्कर्ष’ निःसंकोच वगळावेत. पाचशे पृष्ठांची दोनशे झाली तर हळहळू नये. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखा, लेखनावर बारकाईने काम करणारा संपादक आपल्या वाट्यास येईलच, असे गृहीत धरता येत नाही. त्यांच्या काळीही ते अपवादच होते. तेव्हा विषयाबाहेरच्या एखाद्या चोखंदळ मित्रास लेखन आधी वाचावयास द्यावे आणि तो जिथे कंटाळतो तिथे खूण करावयास सांगावे.

प्रकाशकाची ग्रंथसूची पाहिल्यावाचून त्यास लिहू नये. संपूर्ण बाडाऐवजी एका पानाचे पत्र, दोन पानांचा गोषवारा, अनुक्रमणिका आणि सर्वांत भक्कम प्रकरण (ते बहुधा पहिले नसते) पाठवावे. पत्रात पदव्यांची यादी नको. या विषयासंबंधी आजवर न मांडले गेलेले आपण काय मांडतो आणि ते कोण वाचील, हे सांगावे. कवितेवरील ग्रंथात अधिक दक्षता हवी. समीक्षेसाठी अवतरणे देण्यास कायद्याची मुभा आहे, परंतु संपूर्ण कविता छापावयाची तर प्रश्न वेगळा. मर्ढेकरांच्या कवितेचा स्वामित्वहक्क २०१६अखेर संपला. कुसुमाग्रजांचा २०५९पर्यंत आहे. अनुमती आधीच मागावी.

खरी चिंता निराळीच आहे. २०१०च्या नियमावलीने ग्रंथप्रकाशनास गुण जोडल्यापासून अभ्यासकाकडूनच पैसे घेऊन महिन्याभरात पुस्तक ‘काढून देणारे’ वाढले. आयएसबीएन हा केवळ क्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. अशा पुस्तकास ना संपादक लाभतो, ना वाचक. पाच वर्षांचे परिश्रम कपाटात जातात आणि तोच विषय पुन्हा घेऊन दुसऱ्या प्रकाशकाकडे जाण्याची वाटही बहुधा बंद होते.

आणि करारपत्र न वाचता सही करण्याची भिडस्त सवय सोडावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसल्यास भारतापुरता. मानधनाचा रकाना मात्र लेखकानेच विचारून भरून घ्यावयाचा असतो.