इंदूरला एक रात्र पुरत नाही

मे महिन्याची सुटी जवळ आली की आमच्या घरात एक कागद फिरू लागतो. त्यावर उभ्या रेघा मारून तारखा लिहिलेल्या असतात आणि समोर गावांची नावे. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर नऊ दिवसांत सात गावे होती: मुंबई, उज्जैन, इंदूर, ओंकारेश्वर, मांडू, महेश्वर आणि भोपाळ. इंदूरच्या वाट्याला एक रात्र आली होती. त्या शहरात माझी आत्या राहते. लग्न होऊन फोंड्याहून ती तिकडे गेली त्याला साठ वर्षे होत आली.

आम्ही रात्री नऊला पोचलो. तिने पुरणपोळी केली होती. मुले पेंगत जेवली. सकाळी सहाला गाडीवाला दारात उभा. पोह्यांवर शेव घालता घालता आत्या एवढेच म्हणाली, "अरे, मला भेटायला आलात की गाडी पकडायला?" आम्ही हसलो. ती हसली नाही.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे, ते पटते का पाहा. रेल्वेने कुटुंबाची सहल आखताना आधी गावे मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. जिथे आपले माणूस आहे तिथे किमान चार रात्री. बाकीची गावे तिथून जमतील तशी करावी, नाही जमली तर सोडून द्यावी.

"पूर्वी वेळ होता, आता नाही," असे कोणी म्हणेल. पण पूर्वीचा प्रवास काय सोपा होता? माझ्या लहानपणी मडगावहून मीटरगेजने मिरज गाठायचे, तिथे ब्रॉडगेजची गाडी, मग खंडव्याला उतरून पुन्हा मीटरगेज. ट्रंका, फिरकीचा तांब्या, मानकुरादची करंडी आणि सोलांची पुडी सांभाळत तीनदा गाड्या बदलायच्या. एवढी यातायात केल्यावर कोणी एका रात्रीसाठी जात नसे. महिनाभर मुक्काम असे. मुले तिकडची हिंदी शिकून येत आणि आत्याची मुले आमच्याकडून कोकणी शिव्या. नाती अशीच टिकली.

त्या खंडवा–इंदूर मार्गाची कथाही सांगण्यासारखी आहे. तो व्हावा म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते, 101 वर्षांच्या मुदतीने. आज त्या घाटातली मीटरगेज रुंदीकरणासाठी बंद आहे. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर 2018 पासून वारसा गाडी सुरू झाली. पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर बेत आखू नये, धबधबाही तेव्हा कोरडा असतो.

आता बेताचे बोलू. मडगावहून इंदूरला थेट जाणारी साप्ताहिक गाडी आहे. तिचा वार जमला नाही तर कोकण रेल्वेने मुंबई, एक दिवस विश्रांती, आणि मुंबई सेंट्रलहून रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस. ती सकाळी इंदूरला सोडते. परतताना इंदूरहून भोपाळ आणि तिथून आपली गोवा एक्स्प्रेस. ही दिल्लीची गाडी भोपाळ, भुसावळ, पुणे, मिरज करीत मडगावला येते हे आपल्यातल्या कितीजणांच्या ध्यानात आहे? जाताना एक वाट, येताना दुसरी. पूर्ण वर्तुळ होते.

आणि अशा वर्तुळासाठी रेल्वेची जुनी सोय आहे: चक्राकार प्रवासाचे तिकीट. जिथून निघायचे तिथेच परतायचे, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडते. ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये थांबल्यापासून म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्या घराला एवढाही फरक जाणवतो. पण हे तिकीट मोबाइलवर मिळत नाही. मार्ग लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करायचा, मग खिडकीवर तिकीट घ्यायचे आणि प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करायचे. खटपट आहे खरी. म्हणूनच सांगतो, घाईने नव्हे, घरात सगळ्यांनी एकत्र बसून मार्ग ठरवा. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण साठ दिवस आधीच खुले होते, म्हणजे मेच्या गाड्यांसाठी मार्चमध्येच जागे व्हायला हवे.

इंदूरला चार रात्री करायचे काय? एक दिवस काहीच नाही. मालव्यात मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पडदे ओढून पत्ते खेळावे, आत्याला जुने विचारावे. तिथली उन्हाळी रात्र मात्र सुखाची. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला जावे. दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि लालबाग. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून अहिल्याबाईंचे महेश्वर. आणि वेळ राहिला तर नर्मदाकाठचे रावेरखेडी, जिथे 28 एप्रिल 1740 रोजी पहिल्या बाजीरावांनी देह ठेवला. मुलांना हे पुस्तकात सांगण्यापेक्षा त्या उन्हात उभे करून सांगावे.

गोमंतकीयांना तर इंदूर परके नाहीच. मंगेशीच्या दीनानाथांची थोरली लेक लता 1929 मध्ये इथेच जन्मली. नाटक मंडळ्या बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडत, त्या काळची ही गोष्ट. मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा भरले, शेवटचे 2001 मध्ये. तिथले मराठी घर आपले मराठी अजून जपते, पण कोणाशी बोलून? पाहुणा आला तरच ना! आत्याच्या नातवंडांना मराठी समजते, बोलताना मात्र ती हिंदीत वळतात. आमच्या मुलांना इंदूर म्हणजे स्वच्छतेचा पहिला नंबर एवढेच ठाऊक. दोघांना एका पंगतीत चार दिवस बसवले तर काहीतरी रुजेल. एका रात्रीत नाही रुजत.

यंदाचा कागद मी स्वतः लिहिला. मांडू गेले, ओंकारेश्वर गेले. धाकटीने कुरकुर केली, तिला मांडूचा जहाज महाल पाहायचा होता. तिला म्हटले, तो महाल काही कुठे जात नाही, पुढच्या वर्षी पाहू. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे.

आरक्षण झाल्यावर तिला फोन केला. चार रात्री म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "सोलां आण. आणि घाई घरी ठेवून ये."