आयर्लंडचे ‘खास स्थान’

आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या घटनेवरून आली, हे आपण कौतुकाने सांगतो. मला आनंद वाटतो तो त्याच घटनेतले एक वाक्य आपण उचलले नाही याचा.

१९३७ च्या आयरिश घटनेच्या ४४ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला सदसद्विवेकाचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले. प्रॉटेस्टंट पंथांना, ज्यूंच्या संघांनाही नावानिशी मान्यता दिली. आणि एवढे करून, बहुसंख्यांचा धर्म म्हणून कॅथॉलिक चर्चचे ‘खास स्थान’ही मान्य केले. नुसता मान तो, त्याने कोणाचे काय बिघडते, असे विचारणारे सभ्य गृहस्थ आपल्याकडेही भेटतात. (ते नेमके बहुसंख्यांतलेच असतात, हा अर्थात योगायोग!)

त्यांनी वेक्सफर्ड परगण्यातले फेथर्ड-ऑन-सी हे खेडे पाहावे. १९५७ साली तिथल्या एका प्रॉटेस्टंट आईने मुलींना कॅथॉलिक शाळेत घालण्याचे नाकारले आणि त्यांना घेऊन तिने गाव सोडले. नवरा कॅथॉलिक, अशा विवाहातली मुले कॅथॉलिकच वाढली पाहिजेत, हा चर्चचा दंडक. शिक्षा कोणाला झाली? गावातल्या प्रॉटेस्टंट दुकानदारांना! कॅथॉलिक गिऱ्हाईक त्यांची पायरी चढेना. घटनेचे शिल्पकार डी व्हॅलेरा तेव्हा पंतप्रधान होते. त्यांनी संसदेत या बहिष्काराचा स्पष्ट निषेध केला, हे त्यांना शोभलेच. तो बहिष्कार त्या वाक्याने घडवला असे मी म्हणत नाही. चर्चचा दंडक त्याहून जुना. पण पंगतीत एकाला पाट आणि दुसऱ्याला ओसरी दिली, की कोणाशी कसे वागायचे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावे लागत नाही.

१९७२ साली आयरिश जनतेने, म्हणजे मुख्यतः कॅथॉलिकांनीच, शेकडा ८४ मतांनी ते वाक्य पुसले. ते गेले तर आपण अश्रू ढाळणार नाही, असे कार्डिनल कॉनवे आधीच म्हणाले होते. चर्च काही बुडाले नाही. ईश्वरनिंदेचा गुन्हा मात्र घटनेत २०१८ पर्यंत टिकला. आपल्या राष्ट्रपतीला ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करता येते. डब्लिनच्या नास्तिकाला अध्यक्षपद हवे तर आजही सर्वशक्तिमान परमेश्वरासमोरच शपथ घ्यावी लागते. आणि दहांतल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा अजून कॅथॉलिक व्यवस्थेखाली आहेत. शिक्षकांचा पगार मात्र सरकार देते. धर्मशिक्षणाच्या तासाला न बसण्याचा मुलाचा हक्क घटनेत १९३७ पासून आहे. त्या तासाला त्याने बसायचे कुठे, हे तिथले आईबाप अजून विचारीत आहेत.