माळ वाचू शकणारा प्राध्यापक हवा

लँडस्केप इकॉलॉजीसाठी विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक नेमावा, अशी सूचना विभागाच्या बैठकीत कुणी केली की पहिला आक्षेप ठरलेला असतो : ‘या विषयाला नेट आहे का?’ नेट नाही. यूजीसीच्या यादीत पर्यावरणशास्त्र आहे, भूगोल आहे. सीएसआयआरच्या यादीत जीवविज्ञान आहे, भूविज्ञान आहे. भूदृश्याच्या परिसंस्थेचा अभ्यास कुठल्याच रकान्यात बसत नाही. मग विषय नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून उमेदवार नाहीत, आणि बैठक पुढच्या मुद्द्याकडे वळते. हा आक्षेप आणि त्यामागून येणारे आणखी काही आक्षेप मला इथे तपासायचे आहेत. ते मला चुकीचे वाटतात, आणि त्यांची किंमत विद्यापीठाबाहेर, माळावर आणि उसाच्या फडात मोजली जाते आहे.

नेट ही पात्रता परीक्षा आहे. ज्ञानाच्या शाखा किती, हे ठरवण्याचे काम तिच्याकडे कुणी दिलेले नाही. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1939 साली या अभ्यासाला नाव दिले ते विमानातून काढलेली छायाचित्रे वाचताना. जमिनीची रचना भूगोल सांगतो, झाडाझुडपांचे नाते जीवशास्त्र सांगते, पण एकाच चित्रात दोन्ही दिसत असताना ती वेगवेगळ्या खोल्यांत बसून का वाचायची, हा त्याचा प्रश्न होता. 1982 मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, 1986 मध्ये फोरमन आणि गोद्रों यांचे पाठ्यपुस्तक आले, 1987 मध्ये स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. जो विषय दोन शाखांच्या संगमावर जन्मला, त्याच्या उमेदवाराकडे एकाच शाखेची अखंड पदव्यांची साखळी मागणे म्हणजे त्याला दारातच अडवणे.

आणि नियमही तसे म्हणत नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत पदव्युत्तर पदवी ‘संबंधित, सुसंगत किंवा संलग्न’ विषयातली चालते. दार उघडे आहे. कडी आतून लावली जाते ती छाननीच्या टेबलावर. एका विद्यापीठाच्या छाननीत मी हे पाहिले आहे. अर्जदार मुलगी वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी., माळरानांवर पीएच.डी., सीएसआयआर नेट जीवविज्ञानात. पद पर्यावरणशास्त्राचे. अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘विषय जुळत नाही’ असा शेरा मारून फाइल बाजूला ठेवलेली. मी नियमावलीतला ‘संलग्न’ हा शब्द दाखवला, तर उत्तर आले, ‘सर, उद्या कुणी कोर्टात गेले तर?’ शेवटी मुलाखती झाल्या, योग्य उमेदवार उपलब्ध नाही असा शेरा पडला, आणि पद पुन्हा रिकामे राहिले. त्या विभागात आजही तासिका तत्त्वावर शिकवले जाते.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित असतो. ‘आपल्याकडे जीआयएस शिकवणारे आहेत. नकाशे तेच करतात. वेगळा माणूस कशाला?’ जीआयएसबद्दल मला आदर आहे, ते साधन नसते तर हा विषय आज इतका पुढे गेलाच नसता. पण उपग्रहाच्या चित्राला रंग देणे आणि त्या रंगाचा अर्थ लावणे ही दोन कामे आहेत. एप्रिलमधले चित्र घेतले तर सासवड-बारामतीकडचा कुसळीचा माळ पिवळट-उजाड दिसतो. मे महिन्यातला कोकणातला कातळसडा काळा खडक दिसतो. दोन्ही ‘पडीक’ या रकान्यात जातात, आणि पडीक म्हटले की तिथे चर खणायला, झाडे लावायला, कारखाना आणायला कुणाला संकोच वाटत नाही. ऑगस्टमध्ये त्याच सड्यावर बोटभर मातीत कीटकभक्षी वनस्पती उगवतात आणि डबक्यांत बेडकांची वीण होते. त्याच माळावर धनगरांची मेंढरे चरतात आणि मेंढरांच्या मागे लांडगा असतो. नकाशात चूक नाही. चूक आहे ती कोणत्या महिन्यात, किती अंतरावरून आणि कोणत्या प्रश्नासाठी पाहायचे, हे कुणी न विचारल्याची. हे विचारायला शिकवतो तो आमचा प्राध्यापक.

तो नसल्याने काय होते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर परिसरात 2001 पासून बिबटे शेतातून पकडून लांबच्या जंगलात सोडण्याची मोहीम चालली. समजूत सरळ होती : बिबट्या जंगलातला प्राणी, चुकून उसात आला, त्याला घरी पोचवा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की त्या भागात माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते मोहिमेच्या काळात 17 झाले. जिथे नेऊन सोडले, तिथेही हल्ले सुरू झाले. बिबट्यासाठी ऊस, ओढ्याकाठची झाडी, गावातली कुत्री आणि डोंगर मिळून एकच मुलूख होता. जंगल आणि शेत अशी रेघ आपण ओढली होती, त्याने नव्हे. आजही हल्ला झाला की ‘उचला आणि लांब नेऊन सोडा’ ही मागणी होते. ती करणाऱ्या शेतकऱ्याचा मी दोष मानत नाही. त्याच्या घरातले मूल धोक्यात आहे. दोष आमचा आहे, कारण त्या तालुक्यात दहा-पंधरा वर्षे ठाण मांडून मुलूख कसा बदलतो आहे हे नोंदवणारा विभाग आम्ही उभा केला नाही.

माळढोकाचीही तीच कथा. 1979 साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतला सुमारे 8,500 चौरस किलोमीटर मुलूख त्यात घातला गेला. गावे, बाजारपेठा, ऊस, सगळे आत. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोक चिडले, पुढे ते क्षेत्र सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. पक्षी मात्र तोवर बोटांवर मोजण्याइतका उरला. कोणता माळ अंडी घालण्याचा, कोणत्या शेतातून तो खातो, मधले कोणते तुकडे गेले तर बाकीचे निरुपयोगी होतात, हे आधी विचारले असते तर लोकांवर एवढी मोठी सीमा लादायची वेळ आली नसती.

हा परदेशी विषय आहे असे म्हणणाऱ्यांसाठी फार वेळ घालवण्याची गरज नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास केला तो 1970 च्या दशकात. गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात पश्चिम घाट साधारण 9 बाय 9 किलोमीटरच्या चौकोनांत पाहिला. पाठोपाठ कस्तुरीरंगन गटाने त्याच घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ भूदृश्य असे दोन भाग केले आणि सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले. गाव, शेत आणि राई मिळून झालेल्या मुलखाला संरक्षणाबाहेर ठेवणे योग्य आहे का? त्यावर ग्रामसभा बोलल्या, आमदार बोलले, न्यायालयांत याचिका गेल्या. हा प्रश्न जसाच्या तसा या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत घालता येईल. ‘हे शिकून नोकरी कुठे?’ हा आक्षेपही टिकत नाही : पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर वन्यप्राण्यांसाठी 9 भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले, आणि असे रस्ते राज्यभर होत आहेत. कोणी तरी ते भुयारी मार्ग कुठे आणि किती रुंद हे ठरवणारच आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ‘नियमांत लवचीकता आणली की वशिला घुसतो. गुणांकन आहे म्हणून निदान गरीब घरच्या मुलाला आशा आहे.’ यात सत्य आहे, आणि ज्यांनी निवड समित्यांचे दरवाजे बाहेरून पाहिले आहेत त्यांची ही भीती मी हलकी मानणार नाही. पण ते गुणांकन काय मोजते ते पाहू. 2018 च्या तक्त्यात विद्यापीठीय पदासाठी 100 पैकी 80 गुण पदव्या, परीक्षा आणि पुरस्कारांना, 10 शोधनिबंधांना, 10 अनुभवाला. प्रत्येक निबंधाला 2 गुण, म्हणजे 5 निबंधांत रकाना भरला. एकाच तळ्याच्या पाण्याचे पाच महिने पाच नियतकालिकांत छापणारा आणि दहा वर्षे एका माळाच्या तुकड्यांचा मागोवा घेऊन दोन निबंध लिहिणारा यांत पहिला पुढे. बी.एस्सी.ला 80 टक्क्यांच्या वर गेले तर 15 आणि 60 च्या वर असले तर 13 : महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शेतीची कामे सांभाळून शिकलेल्या मुलाचे ते दोन गुण कायमचे गेले. आणि याच नियमावलीत लिहिले आहे की हे गुण फक्त मुलाखतीसाठी बोलावण्यापुरते. अंतिम निवड मुलाखतीवर. म्हणजे वशिल्याची खिडकी बंद झालेली नाहीच. ती शेवटच्या पंधरा मिनिटांत उघडीच आहे, आणि तिथे काय विचारायचे, कशाला किती गुण द्यायचे, हे आधी कुणाला ठाऊक नसते.

म्हणून माझे म्हणणे गुणांकन काढा असे नाही. आरक्षणाची बिंदुनामावली तशीच राहू दे, छाननीही राहू दे. बदल जाहिरातीत आणि शेवटच्या टप्प्यात हवा. जाहिरातीत ‘पर्यावरणशास्त्र, 1 पद’ एवढेच न लिहिता काम लिहा : दख्खनची माळराने, कोकणातले सडे किंवा विदर्भातले वन्यप्राण्यांचे मार्ग यांपैकी एका मुलखावर दीर्घकाळ संशोधन, भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, पर्यावरण, वन्यजीव, कृषी हे संलग्न विषय मान्य. संलग्न विषयांची यादी छापली की ‘उद्या कुणी कोर्टात गेले तर’ ही भीती छाननीच्या टेबलावरून उठते. निवड समितीतले तीन विषयतज्ज्ञ कुलगुरू मान्य यादीतून नेमतात. ती यादी सांडपाणी आणि हवाप्रदूषण तपासणाऱ्यांनीच भरलेली असेल, तर माळावर काम केलेल्याला प्रश्न कोण विचारणार?

आणि मुलाखतीआधी एक दिवस सगळ्या उमेदवारांना एकाच टेकडीवर न्या. वर कुसळी आणि पवन्या गवत. उतारावर वनखात्याने खणलेले सलग समतल चर आणि त्यांत लावलेली उंदीरमारीची रोपे. खाली ओढा, ओढ्याला करंज. पलीकडे शेततळे, कांदा, उसाचा फड. प्रत्येकाला तेच चार प्रश्न लेखी द्या. पाणी कुठे थांबते आहे आणि चरांनी ते कुठे वळवले? लांडगा रात्री इथून कुठून जाईल? गवत जाऊन झाडे वाढली तर मेंढपाळ कुठे जातील आणि त्यांच्या मागे कोण जाईल? पहिल्या वर्षी तुम्ही काय मोजाल आणि का? गुणांची विभागणी महिनाभर आधी संकेतस्थळावर टाका. नकाशा येणारा पाण्याचे बरोबर सांगेल, गवत ओळखणारा रोपांचे बरोबर सांगेल. ज्याला दोन्ही एकत्र बांधून तिसरा प्रश्न सुचतो तो आपल्याला हवा आहे. या परीक्षेत मेंढरांमागे फिरलेली, बांधावर वाढलेली मुले मागे पडणार नाहीत. पदव्यांच्या तक्त्यात त्यांना जे मांडता येत नाही, ते इथे मांडता येईल.

निवडलेल्या माणसाला तासिका तत्त्वावर ‘आजमावून’ पाहण्याचा विचार सोडून द्यावा. तासिकेवरच्या माणसाला उन्हाळ्यात तास नसतात म्हणून मानधन नसते, आणि माळाचा अभ्यास मे महिना वगळून होत नाही. गवताचा तुकडा पावसाच्या एका वर्षात एक सांगतो, दुष्काळाच्या वर्षात दुसरे. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच माहीत नाही, तो पाच वर्षांचे भूखंड आखणार कसे? पहिली तीन वर्षे त्याच्यावर पदवीच्या सक्तीच्या पर्यावरण विषयाच्या वह्यांचा गठ्ठा टाकू नका, जवळच्या वनविभागाशी करार करून त्याला एक कायमचा अभ्यासतुकडा मिळवून द्या, आणि त्याच्या बढतीच्या अर्जात निबंधांच्या संख्येबरोबर त्या तुकड्यावरच्या नोंदींची वहीही तपासा.