बँक मोडली, पण प्रश्न सुटला का?



अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचं चित्र आहे. गंमत बघा, ही नोट निघते अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने, आणि याच माणसाने आपल्या काळातली राष्ट्रीय बँक मोडीत काढली होती! ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण 'एक नायक, एक खलनायक' अशी सांगू नये, असं माझं मत आहे.

सुरुवात १७९१ मध्ये झाली. स्वातंत्र्ययुद्धामुळे नवा देश कर्जात बुडालेला होता. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणाले, राष्ट्रीय बँक हवीच. जेफरसन आणि मॅडिसन यांनी विरोध केला. बँक काढण्याचा अधिकार राज्यघटनेत लिहिलाय कुठे, हा त्यांचा सवाल होता. तरीही बँकेला वीस वर्षांची सनद मिळाली. १८११ मध्ये मुदतवाढीवर सिनेटमध्ये समसमान मतं पडली आणि उपाध्यक्षांच्या एका मताने बँक गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध सुरू झालं आणि पैसा उभा करताना सरकारच्या नाकी नऊ आले. शेवटी १८१६ मध्ये दुसरी बँक आली. त्या कायद्यावर सही कोणाची? आता राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅडिसन यांचीच! अनुभवाने मत बदलण्यात कमीपणा नसतो, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

आता जॅक्सनकडे येऊ. त्यांचा राग खोटा नव्हता. सरकारचा पैसा या बँकेत राहायचा, पण पाचातले चार हिस्से खाजगी भागधारकांचे होते. २५ संचालकांपैकी सरकार नेमायचं फक्त ५. १८१९ च्या मंदीत बँकेने कर्जवसुलीचा तगादा लावला, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. सनद संपायला चार वर्षं बाकी असतानाच, १८३२ मध्ये, बँकेचे अध्यक्ष निकोलस बिडल यांनी मुदतवाढ मागितली. संसदेने मंजुरी दिली, पण १० जुलैला जॅक्सननी नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी ते निवडणूकही जिंकले. पुढच्या वर्षी त्यांनी सरकारी पैसा ठरावीक राज्य बँकांत ठेवायला सुरुवात केली. बिडलनी उलट कर्जं आवळली, व्यापारी मेटाकुटीला आले. एका माणसाच्या हातात केवढी ताकद आहे, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलं!

१८३६ मध्ये सनद संपली. १८३७ मध्ये मोठं संकट आलं, बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. लंडनमधली पैशाची टंचाई, कापसाचे पडलेले भाव अशी इतरही कारणं होती. पण लगाम धरायला कोणी उरलं नव्हतं, हेही खरं. कामगारांचा रोजगार गेला. ज्यांच्यासाठी लढाई लढली असं म्हटलं गेलं, झळ त्यांनाच बसली. पुढची मध्यवर्ती बँक उभी राहायला १९१३ साल उजाडावं लागलं.

मला यातून एकच गोष्ट म्हणायची आहे. उंदीर झाले म्हणून घर जाळायचं नसतं. पण घरात उंदीर आहेत असं सांगणाऱ्याला गप्पही बसवायचं नसतं. संचालक कोण नेमणार, हिशोब कोण तपासणार, चुकलं तर जाब कोण विचारणार, यावर दोन्ही बाजूंनी नीट बसून बोलायला हवं होतं. एका बाजूने 'आहे तशी ठेवा' म्हटलं, दुसरीने 'मोडून टाका'. मधलं कष्टाचं काम तसंच राहिलं.

वर्गात एक करून बघा. मुलांचे दोन गट पाडा, एक हॅमिल्टनचा, एक जॅक्सनचा. दहा मिनिटं वाद घालू द्या. मग गट बदला आणि आत्तापर्यंत ज्याला विरोध केला तीच बाजू मांडायला सांगा. जे मूल दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडू शकतं, ते उद्या कुणाच्याही घोषणेमागे डोळे मिटून जाणार नाही. सनावळ्या विसरल्या तरी चालतील, ही सवय मात्र राहायला हवी.

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही जॅक्सनच्या जागी असता, तर काय केलं असतं?