ढेपेच्या पोत्यावरचा आकडा



सरकी आपण विकतो आणि तिचीच ढेप पोत्याने विकत आणतो. कोरडवाहूतले जनावर कडब्यावर जगते, कडब्यात प्रथिने थोडी. म्हणून पोत्यावर छापलेला प्रथिनांचा टक्का पाहून आपण पैसे मोजतो. हा टक्का येतो कुठून?

प्रयोगशाळेत बहुधा प्रथिने मोजतच नाहीत. मोजतात नत्र. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली ही रीत काढली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातले नत्र मोजायचे. त्याला ६.२५ ने गुणले की झाली प्रथिने! मोजणी चोख, पण नत्र सरकीतले की युरियाच्या गोणीतले, हे तिला कळत नाही. युरियात नत्र ४६ टक्के. क्विंटलभर ढेपेत किलोभर युरिया मिसळला की कागदावर प्रथिने अडीच टक्क्यांनी वाढतात. उपाशी, सवय नसलेल्या जनावराच्या पोटात तो एकदम जास्त गेला तर जनावर दगावते. कागदावर मात्र माल उत्तम!

मग युरियाची तपासणी करा, असे कोणी म्हणेल. तेवढ्याने भागत नाही. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघडकीस आले. त्यातही नत्र भरपूर. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. दुधात मेलामाइन शोधायचे कोणाच्या मनातच नव्हते. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याची चाचणी मागायची कशी?

आमच्या मते उलट बाजूने जावे. भेसळ शोधू नका, प्रथिने वेगळी काढा. नमुना ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात घोळला की प्रथिने साकळून गाळात राहतात, लिंबू पिळल्यावर दूध फाटते तशी. वरच्या निवळीतले नत्र निराळे मोजायचे. ते युरियाचे असो की आणखी कशाचे, प्रथिनांचे नाही एवढे नक्की. शुद्ध ढेपेतही असे थोडे नत्र असतेच, म्हणून खात्रीच्या घाणीवरची ढेप सोबत तपासून ताडा. (चामड्याचा भुगा मिसळला तर ही रीतही फसेल, तेही प्रथिनच.)

आमची मागणी साधी आहे. पोत्यावर दोन आकडे छापा: एकूण नत्र किती आणि त्यातले प्रथिनांचे किती. जिल्हा बैठकीला येताना दोन-तीन पोत्यांच्या मधल्या भागातली अर्धा किलो ढेप कोरड्या पिशवीत आणा. पोत्याची चिठ्ठी आणि पावतीही आणा. पावती नसेल तर नमुना आणून उपयोग नाही.