गोळी सुरू झाली, ती थांबवायची कशी?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. निम्मं शहर पाण्यात, मेडिकलची दुकानं बंद. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या आणि वाड्या-वस्त्यांचे रस्ते तुटले. अशा वेळी छावणीत बीपी-शुगरच्या गोळ्यांची चौकशी कुणीतरी करतं. आमवातासाठी महिनोन्‌महिने रोज सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणारी बाई मात्र ‘सांधेदुखीची गोळी’ एवढंच सांगते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दुखणंच ना, चार दिवस कळ काढता येईल.

ती कळ काढता येण्यासारखी नसते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागलं की तीन-चार आठवड्यांत त्या सुस्तावतात. मग गोळी एकदम बंद झाली, तर शरीरात ना बाहेरचं औषध, ना घरचं. उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली. त्यात ताप किंवा जुलाब असतील तर जिवावर बेततं. एरवी साध्या तापातही अशा रुग्णाचा डोस काही दिवस वाढवावा लागतो, हे किती घरांत माहीत असेल?

हे रुग्ण मोजकेच असतील असं समजू नये. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. भिगवण म्हणजे आपल्यासारखाच उसाचा, शेतीचा मुलूख. तिथे आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये अर्धा टक्का निघालं, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. दमा, ल्युपस, आतड्यांचा दाह, त्वचेचे आजार यांतले स्टिरॉइडवर असलेले रुग्ण वेगळेच.

स्टिरॉइडला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सांधे आखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. सूज उतरवण्यात आजही याच्याइतकं झटपट औषध सापडणं अवघड. आमवात मुळापासून आटोक्यात ठेवणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं (रोज घेतलं तर घात होतो, हे जाता जाता) आणि त्याचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. तोवरच्या काळासाठी स्टिरॉइड ही तात्पुरती सोय. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात की ते कमीत कमी द्यावं आणि शक्य तितक्या लवकर उतरवत बंद करावं.

आपल्याकडे मात्र ही सोय कायमची होऊन बसते. मिरजेच्या डॉक्टरांनी महिनाभरासाठी लिहिलेली चिठ्ठी जत, आटपाडी किंवा दहिवडीत वर्षभर चालते. गोळी काही रुपयांत मिळते, बरं वाटतं, मग पुन्हा मिरजेचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी कशाला? प्रेडनिसोलोन शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. नियम काउंटरच्या मागे फ्रेममध्ये असतो. दुखणं थांबवणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचा धंदा निराळाच. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं देशात अनेकदा उघडकीला आलंय.

दरम्यान शरीरात पडझड सुरू असते आणि ती फसवी असते. चेहरा गोल होतो, तर बाया म्हणतात, ‘तब्येत सुधारली!’ हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो, दबून बसलेला क्षय डोकं वर काढतो. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला तर पन्नाशीच्या आत काठी हातात येते. साखरेचं तर अजबच. सकाळच्या डोसनंतर ती दुपार-संध्याकाळी चढते. उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त राहतात.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळ्या बुरशी’नं राज्यभर हाहाकार केला, त्यातून सांगली-सातारा सुटले नाहीत. अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टिरॉइड हे त्यामागचं मोठं कारण होतं. केंद्राला म्युकरमायकोसिसची नोंद साथरोग कायद्याखाली बंधनकारक करायला राज्यांना सांगावं लागलं. तेव्हापासून स्टिरॉइडचं नाव काढलं की लोक दचकतात. दचकण्यात चूक नाही. पण घाबरून आपल्या मनाने गोळी बंद करणारा रुग्ण वर सांगितलेल्या पुरातल्या बाईइतकाच संकटात असतो. बेफिकिरी आणि भीती, दोन्ही एकाच अज्ञानातून येतात, आणि त्या अज्ञानाचा दोष रुग्णाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. त्याला सांगितलं कुणी?

ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी खिशात मावणारं आपत्कालीन कार्ड काढलं. आपल्याकडे हे करायला नवीन योजना नको, उद्घाटनाची फीत तर नकोच. कोणतं स्टिरॉइड, किती डोस, कधीपासून, पुढच्या पंधरवड्यात किती कमी करायचं, ताप आला तर काय करायचं आणि ‘एकदम थांबवू नका’ एवढं मोठ्या अक्षरांत. पाठीमागे दुपारची साखर, रक्तदाब, डोळे यांच्या तारखा. नदीकाठच्या गावांत पावसाळ्यापूर्वी गरोदर महिलांची यादी करणाऱ्या आशाताईंनी या रुग्णांसाठी एक रकाना वाढवावा.

सुरुवात मिरजेतून व्हावी. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दवाखान्यांच्या या गावात बेळगाव, विजयपूरकडचे रुग्णही पिढ्यान्‌पिढ्या येतात. म्हणून कार्ड मराठीत आणि कानडीत, दोन्हींत छापावं. औषध दुकानदारांनी प्रत्येक वेळी गोळ्या देताना कार्डावर तारखेचा शिक्का मारावा आणि डॉक्टरांनी लिहिलेली मुदत संपली असेल, तर पुढची पट्टी देण्याआधी रुग्णाला डॉक्टरांना फोन लावून द्यावा.