उन्हातला हक्क कुणाकडे मागायचा?

खटला होता माळढोक पक्ष्याचा आणि राजस्थान-गुजरातमधील वीजतारांचा. पण २१ मार्च २०२४ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ नुसार नागरिकांचा हक्क मानला. वाढते तापमान, दुष्काळ, नापिकीने होणारी अन्नटंचाई, डासांमार्फत पसरणारे आजार हे सारे आरोग्याच्या हक्काशी जोडले.

वडूजला दुष्काळ नवा नाही. येरळेचे कोरडे पात्र इथे सर्वांच्या ओळखीचे. पण भर उन्हात कांदा काढताना एखाद्या बाईला भोवळ आली, तर हा हक्क तिने मागायचा कुणाकडे? तहसीलदाराकडे, आरोग्य केंद्राकडे की कृषी खात्याकडे? कोर्टाची पायरी चढायची, तर आधी दिवसाची मजुरी बुडणार. हवामान बदलावर देशात एकछत्री कायदा नाही, हे त्याच निकालात नमूद आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाणी, सावली, प्रथमोपचार निदान लिहिलेले तरी होते. नवा कायदा करताना दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्यांसाठीही ते लिहावे, आणि जबाबदार अधिकारी कोण, तेही.